येळगव्हाणचं गाढव

"वरची गुंडी लाव," बब्रुवान म्हणाला. "आणि हेल्मेटची काच खाली घे. तुझ्या मिशा लांबून ओळखू येतात."

"अरे, ऊन बघ किती आहे."

"ऊन बघायला आलोय का आपण? तुझी बायको आणायला आलोय."

धुळवडीची सकाळ होती. लातूरहून पहाटे पाचला निघालेले आम्ही चौघं मित्र चार मोटारसायकली घेऊन एका पळसाखाली थांबलो होतो. पळसावर पान म्हणून नव्हतं, नुसती लाल फुलं. रस्त्याच्या एका अंगाला करडई काढून झाली होती, दुसऱ्या अंगाला ज्वारीची कणसं खळ्यांवर पडली होती. बांधावरच्या आंब्याला मोहोर इतका होता की वास गाडीवर बसूनसुद्धा येत होता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि चौघांच्या अंगावर गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे रेनकोट होते.

रेनकोटांची कल्पना बब्रुवानची. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पोरांना गणवेश घालायला लावता लावता त्याची ठाम समजूत झाली होती की सारखे कपडे घातले की माणसाला माणूस ओळखू येत नाही. चौघांनी एकसारखे रेनकोट आणि एकसारखी हेल्मेटं घातली, तर चौघांतला जावई कोण हे येळगव्हाणात कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

जावई मी. नाव उत्तरेश्वर. तेव्हा लातुरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, आणि येळगव्हाण ही माझी सासुरवाडी. या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली, तरी त्या गावची रीत सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, नाहीतर आम्ही चौघं ठार वेडे होतो असं वाटेल. वेडे होतोच, पण उगाच नव्हतो.

येळगव्हाणात धुळवडीला गावच्या एका जावयाला गाढवावर बसवतात. गळ्यात जुन्या चपलांची माळ, डोक्यावर सुपाची छत्री, पुढं हलगी आणि मागं अख्खं गाव. वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत वरात निघते. पारावर त्याला अंघोळ घालतात, नवी कापडं चढवतात आणि सासरा त्याला सगळ्यांदेखत उराशी धरतो. गावाच्या मते हा मान आहे. पण तो घ्यायला कुणी आपणहून तयार होत नाही, म्हणून जावई पकडून आणावा लागतो. शिमग्याच्या आधी चार दिवस गावची पोरं पाळतीवर असतात. एक जावई तर न्हाव्याच्या खुर्चीवरून अर्ध्या दाढीनिशी उचलून आणला होता.

लग्नानंतरच्या पाच धुळवडी मी चुकवल्या. एका साली कडब्याच्या गंजीत सहा तास बसलो, पण सापडलो नाही. सहाव्या धुळवडीला सापडलो. तरी गाढवावर काही बसलो नाही. पारावर सासऱ्यांशी शब्दाला शब्द झाला, मी गाडीला किक मारून निघून आलो आणि माझी बायको शिवकांता माहेरीच राहिली. त्याला आता वर्ष झालं होतं. मित्रांना मी एवढंच सांगितलं होतं की शब्द झाले. कोणते शब्द, ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणि आठ दिवसांपूर्वी सासऱ्यांचा, म्हणजे दगडूअप्पांचा निरोप आला. धुळवडीला दहा वाजता भावकी बसणार आहे. काय बोलायचं असेल ते येऊन बोला. नाही आलात तर पोरीची फारकतीच्या कागदावर सही होईल.

निरोप मी वाचला, बब्रुवानला वाचायला दिला, आणि दोघांच्या मनात एकच शंका आली.

"धुळवडीलाच कामून?" मी म्हणालो.

"सापळा आहे," बब्रुवान म्हणाला. "पिंजऱ्यात उंदराला खोबरं लावतात, तसं वहिनींचं नाव लावलंय. गेल्या साली निसटलास, आता बरोबर गाढवावर बसवणार."

मला ते शंभर टक्के पटलं. गाढवावर बसायचं नव्हतं, आणि शिवकांता तर परत हवी होती. वर्षभरात घराचं कुलूप उघडायचाच मला कंटाळा यायला लागला होता. दुकानात वायंडिंगच्या तारांशेजारी सतरंजी टाकून झोपायचो. गावाचा एक नियम होता: सासऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडला की जावयाला हात लावत नाहीत. म्हणजे दहाच्या आत कुणाच्या हाती न लागता त्या उंबऱ्याच्या आत जायचं, बायकोला हात जोडायचे आणि तिला घेऊन यायचं. त्यासाठी ही फौज निघाली होती. बब्रुवान, मी, पंचायत समितीतला कारकून गहिनीनाथ आणि गॅरेजवाला रज्जाक. गहिनीनाथचं वजन इतकं की चढ आला की आम्ही त्याला पुढं घालायचो, म्हणजे तो मागं राहिलेला कळायचा. रज्जाक मात्र गाडी अशी चालवायचा की बघत राहावं.

"वाटेत कुणाशी बोलायचं नाही," बब्रुवाननं शेवटची सूचना दिली. "आवाज ओळखतात. आणि कोणी मागं राहिला तर बाकीच्यांनी थांबायचं नाही."

आम्ही निघालो.

पहिल्याच खळ्यावर एक म्हातारा ज्वारीच्या राशीपाशी उभा होता. त्यानं आम्हाला बघितलं, हात वर केला आणि ओरडला, "ओ पाव्हणं, पाऊस कुठं लागला?"

आम्ही बोललो नाही. चार काळे रेनकोट त्याच्यासमोरून मुकाट गेले. मी आरशात पाहिलं. म्हाताऱ्यानं आधी आम्ही ज्या दिशेनं आलो तिकडं नजर टाकली, मग आभाळाकडं, मग रास पाहिली, आणि मग घराकडं तोंड करून ताडपत्री आणा म्हणून हाका मारायला लागला.

दुसऱ्या खळ्यावर आम्ही पोचायच्या आधीच ताडपत्र्या निघालेल्या होत्या. फोन झाला असणार. तिसऱ्या खळ्यावर बायका कणसं पाट्यांत भरून पळत होत्या, आणि एक माणूस कडब्यावर चढून साडी पसरत होता. फाल्गुनात अवकाळी पावसाची भीती सगळ्यांनाच असते. गारा एकदा पडल्या की ज्वारी काळी पडते. आम्ही मात्र सापळ्याच्या विचारात. गहिनीनाथ गाडी माझ्या शेजारी आणून म्हणाला, "उत्तरेश, लोक कामून पळायलेत?"

"तुला काय करायचंय? पुढं बघ."

रेनकोटाच्या आत घामाचे पाट वाहत होते. बुटात पाणी झालं होतं. खरं सांगायचं तर त्या रस्त्यावर ओला झालेला कुणी असेल तर आम्हीच होतो.

येळगव्हाणच्या फाट्यावर लिंबाखाली चार तरणे गडी उभे होते. आम्हाला बघून चौघं एकदम सरसावले. एकानं आमच्याकडं बोट केलं, दोघांनी झटकन गाड्यांवर टांग टाकली.

"आले," गहिनीनाथ म्हणाला.

बब्रुवाननं रस्ता सोडला. आम्ही त्याच्या मागं ज्वारीच्या धसकटांतून गाड्या घातल्या. मागून दोन मोटारसायकली हॉर्न वाजवत येतच होत्या. आम्ही वेग वाढवला की त्याही वाढवायच्या. बांध आला, बाभळी आल्या, शेवटी कोरडा ओढा आला. रज्जाक आणि बब्रुवान वाळूतून सपाट्यानं पलीकडं गेले. गहिनीनाथची गाडी वाळूत रुतली आणि ती चुकवताना मी आडवा झालो. पलीकडून बब्रुवाननं एकदा मागं पाहिलं आणि ठरल्याप्रमाणं तो न थांबता निघून गेला. मागं राहिलेला माणूस जावईच असेल तर काय करायचं, हे नियम करताना कुणाला सुचलं नव्हतं.

पाठलाग करणारे ओढ्यात उतरले. पुढच्या गाडीवर सोपान होता, शिवकांताचा चुलतभाऊ. गेल्या साली मला पकडणाऱ्यांचा म्होरक्या तोच. मी उठलो, हेल्मेट काढलं.

"ने बाबा सोपान," मी म्हणालो. "मला दम लागलाय. चल."

"कुठं?"

"गाढवावर. दुसरं कुठं?"

सोपाननं त्याच्या जोडीदाराकडं पाहिलं. मग म्हणाला, "दाजी, आधी पाऊस कुठं लागलाय तेवढं सांगा. गावाची ज्वारी उघड्यावर पडलीय. फाट्यापासून हॉर्न वाजवायलो आम्ही."

"पाऊस कुठं नाही."

"मग हे काय घातलंय?"

मी सांगितलं. रेनकोट, हेल्मेट, बब्रुवानचा बेत, सगळं सांगितलं. सांगताना मलाच ते कसंसं वाटत होतं. सोपाननं हसायला हवं होतं. तो हसरा गडी, नको तिथं हसणारा. पण तो हसला नाही.

"जावई पहाटेच पकडलाय," तो म्हणाला. "वामनकाकांचा. पुण्याचा."

"मग मला पकडायला कोण होतं?"

"कोणीच नाही. दाजी…" तो थांबला, जीभ चावल्यासारखं करून म्हणाला, "म्हणजे, उत्तरेशराव, तुमचं नाव यादीत नाही."

गावच्या जावयांची यादी असते. नरहरीअण्णा नावाच्या म्हाताऱ्याकडं जुन्या वहीत ती लिहिलेली आहे. संक्रांतीला ती पारावर वाचतात. नवे जावई चढवतात, वारलेल्यांची आणि संबंध तुटलेल्यांची नावं खोडतात.

"कुणी खोडलं?"

"अप्पांनीच सांगितलं. संक्रांतीला."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. सहा वर्षं ज्या गाढवापासून पळत होतो त्यानं माझा नाद सोडला होता. पण मी त्या वाळूत उभा राहिलो आणि मला इतकं वाईट वाटलं की शेजारी गहिनीनाथ चाक काढायला हात द्या म्हणून ओरडत होता तेही मला नीट कळत नव्हतं. सापळा नव्हता. त्यांना खरंच माझ्याशी शेवटचं बोलायचं होतं.

रुतलेली गाडी काढून दिली, गहिनीनाथला इतर दोघांना शोधून आणायला सांगितलं आणि मी एकटा उघड्या तोंडानं गावात गेलो. रेनकोट काढायचं भानही राहिलं नाही. गल्लीत रंग चालला होता. माणसं, भिंती, कुत्री, सगळी रंगलेली. पिचकारी उगारलेली पोरं मला बघून पिचकारी खाली करत होती. एका म्हातारीनं तर बादली बाजूला सरकवून मला वाट दिली. त्या गल्लीतून कोरडा बाहेर पडलेला मी एकटाच असेन.

दगडूअप्पांच्या ओसरीत भावकीतले चार जण घोंगडीवर बसले होते. मला खुर्ची टाकली होती.

"या साहेब," अप्पा म्हणाले. "बसा."

आधी नेहमी पाव्हणं म्हणायचे. चहासुद्धा कपबशीतून आला. बाकीचे पितळीतून पीत होते. स्टुलावर कागद होता आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला होता.

"बोला. काय म्हणणं आहे तुमचं?"

बब्रुवाननं मला तीन मुद्दे लिहून दिले होते. त्यातला एकही आठवेना.

"अप्पा, यादीतून माझं नाव कामून काढलं?"

"यादी जावयांची असती," अप्पा शांतपणे म्हणाले. "गेल्या साली पारावर काय बोलला होता, ध्यानात आहे का?"

होतं. आता तुम्हालाही सांगतो. गेल्या साली सोपान आणि त्याच्या पोरांनी मला धरून पारावर आणलं, तेव्हा मी भडकून अप्पांना सगळ्या गावापुढं म्हणालो होतो, "गाढव तुम्ही सहा वर्षांमागंच माझ्या गळ्यात बांधलंय. आता आणखी एक कशाला?" लोक हसले होते. कुणीतरी टाळीसुद्धा दिली होती. आणि मारुतीच्या भिंतीला टेकून शिवकांता उभी होती, माझ्यासाठी स्वतः शिवलेला सदरा हातात घेऊन. लोक हसले म्हणून मला त्या वेळी बरं वाटलं होतं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

मी खुर्चीवरून उठलो.

"मला गाढवावर बसवा," मी म्हणालो.

भावकीतल्या एकाला चहाचा ठसका लागला. मी तसाच ओसरी उतरून पाराकडं चालायला लागलो, आणि मागं पावलं वाजली म्हणून पाहिलं तर भावकी आणि अप्पा माझ्या मागून येत होते.

पारावर पुण्याचा जावई पिंपळाला उपरण्यानं बांधलेला होता. नखशिखांत रंगलेला. शेजारी गाढव निवांत कडबा खात होतं. नरहरीअण्णा वही मांडीवर घेऊन बसले होते. ऐंशीच्या पुढचे, पण नजर तिखट.

"अण्णा, मला बसवा," मी म्हणालो.

अण्णांनी मला रेनकोटासकट खालून वर पाहिलं. "असं बसवत नसतेत. पकडून आणावं लागतं. आपल्या पायानं आला तर तो मान नाही, हौस झाली."

"मग पकडा."

"उभ्या माणसाला काय पकडायचं? पळावं लागतं."

"पळतो."

"आणि यादीत नाव नाही तुझं. परक्याच्या मागं आख्खं गाव लागलं तर लोक म्हणतील येळगव्हाणात वाटसरूंना मारायलेत."

पुण्याच्या जावयाला आशा वाटली असावी. तो म्हणाला, "मी काय म्हणतो, यांची एवढी इच्छा आहे तर…"

"तुम्ही गप बसा," अण्णा म्हणाले. "तुम्ही पकडलेले आहात." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "घरातल्या माणसानं येऊन सांगितलं, हा आमचा, तर नाव चढतं. दुसरा उपाय नाही."

मी अप्पांकडं पाहिलं. अप्पा गाढवाकडं बघत होते. हलगी थांबली होती. भोवती दोनशे माणसं जमली असतील, आणि त्यांच्यात मला आपलं म्हणायला कुणी नव्हतं. असा एकटा मी आयुष्यात कधी पडलो नाही.

मग गर्दी बाजूला झाली आणि शिवकांता आली. पुरण वाटता वाटता आली असावी, हात डाळीनं भरलेले. वर्षानं बघत होतो. वाळली होती. माझ्यापासून चार हातांवर उभी राहिली.

"गेल्या साली इथं काय म्हणाला होता?" तिनं विचारलं. "पुन्हा म्हणा."

"शिवकांता…"

"म्हणा. तवा तर मोठ्यानं म्हणाला होता."

मी म्हणालो. शब्द न् शब्द म्हणालो. या खेपेला कुणी हसलं नाही.

"खरं होतं का ते?"

"खोटं होतं. लोक हसावेत म्हणून बोललो."

"हसले की."

"हसले."

"मी तिथं उभी होते."

"दिसत होतीस," मी म्हणालो. "तू दिसत असताना बोललो. माझं चुकलं. वर्षभर दुकानात झोपतो मी, घरी जायला तोंड नाही मला."

तिनं पाहिलं. माझ्या डोळ्यांत नाही, रेनकोटाकडं. मग वळून अण्णांना म्हणाली, "लिहा."

"काय लिहू, बाई?"

"दगडूअप्पाची थोरली लेक, तिचा मालक. नाव तुम्हाला माहीत आहे."

अण्णांनी पेन्सिल ओली केली आणि लिहायला सुरुवात केली. उत्तरेश्वर हे नाव लिहायला एवढा वेळ लागत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. सगळं गाव वाट बघत होतं. वही मिटली तशी शिवकांता माझ्याकडं वळली.

"आता पळा," ती म्हणाली.

"कुठं?"

"मला काय विचारता? पळा."

मी पळालो. मागून दोनशे माणसांचा गलका उठला, हलगी वाजायला लागली. रेनकोट पायांत अडकत होता, वरून रंगाच्या बादल्या पडत होत्या आणि मी वेशीकडं धावत होतो. सोपान वीस हातांवर आला होता. मी मुद्दामच जरा हळू झालो. दहा हात, पाच हात. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

आणि तेवढ्यात रज्जाक आला.

गहिनीनाथला ते दोघं नुकतेच सापडले होते, वेशीबाहेरच्या विहिरीमागं. ओढ्यात काय झालं ते तो त्यांना सांगत होता, आणि अजून वाळूत रुतलेल्या गाडीपर्यंतच आला होता. त्यांनी पाहिलं की उत्तरेश पळतोय आणि अख्खं गाव मागं लागलंय. सकाळपासून ज्या क्षणासाठी रेनकोट घातले होते तो क्षण आला होता. रज्जाकनं गाडी वेशीतून आत घातली, जागेवर वळवली, सोपानच्या हातून मला रेनकोटाला धरून ओढलं आणि मागं टाकलं. बब्रुवान डावीकडून, गहिनीनाथ उजवीकडून. पुढच्या मिनिटाला आम्ही गावाबाहेर होतो.

"सोड मला," मी ओरडलो.

"घाबरू नको," रज्जाक म्हणाला. "मी असताना कोणी हात लावत नाही तुला."

"अरे, मला सापडायचंय!"

हेल्मेटातून त्याला काही ऐकू जाईना. मी मागं वळून पाहिलं. माणसं दमून थांबत होती, कमरेवर हात ठेवत होती. वेशीत शिवकांता उभी होती. डोळ्यांवर आडवा हात धरून बघत होती. पुन्हा एकदा, सगळ्या गावापुढं, मी गाडीवर बसून चाललो होतो.

रस्त्याच्या कडेला करडईच्या भुसाचा ढीग होता. मी उडी मारली.

करडईचं भूस काटेरी असतं, हे शेतकऱ्याचा मुलगा असून त्या क्षणी मी विसरलो होतो. रज्जाक गाडी वळवून पुन्हा मला वाचवायला आला. मी एक ढेकूळ उचललं. "जवळ आलास तर याद राख," मी म्हणालो. तो थांबला. बब्रुवान मला उन्हानं लागलं असं म्हणत होता. मी भुसात मांडी घालून बसलो आणि गाव यायची वाट बघत राहिलो.

सोपान पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. "दाजी, लई पळवलं," तो म्हणाला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. अंगावरचा रेनकोट उतरवला. चपलांची माळ अप्पांनी स्वतःच्या हातानं घातली आणि मानेवरचा काटा काढून टाकला. पुण्याच्या जावयाला सोडलं तर तो रुसला. पहाटेपासून बांधून ठेवलं आणि आता नुसतं जा म्हणता का, म्हणाला. मग त्याला माझ्या डोक्यावर सूप धरायचं काम दिलं. गाढव शांत होतं. लोक हसत होते आणि मला त्यांचं हसणं मुळीच लागत नव्हतं. पारावर अंघोळ झाली. अप्पांनी उराशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

पण शिवकांता काही बोलली नाही. पुरणपोळी वाढली, तूप वाढलं, बोलली नाही. येतेस का, असं विचारायचा मला धीर होईना. नाव चढवणं निराळं आणि संसाराला येणं निराळं, एवढं मलाही कळत होतं. कागद तांब्याखाली तसाच होता.

दोनच्या सुमारास ती पिशवी घेऊन बाहेर आली.

"एसटीनं येते मी," म्हणाली.

"गाडी आहे की माझी."

"तुमच्या मागं बसायचं का नाही ते अजून ठरवलं नाही मी. एसटीनं घरापर्यंत येते. पुढचं पुढं."

ती एसटीत बसली. आम्ही चौघं एसटीच्या मागं निघालो. एसटी तीसच्या वेगानं, आम्ही तीसच्या वेगानं. एसटी थांबली की आम्ही थांबायचो, मळ्यातली माणसं चढायची उतरायची, आम्ही धुरळा खात उभे. खळ्यांवर ताडपत्र्या काढायचं काम चाललं होतं आणि लोकांनी आम्हाला ओळखलं. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. रज्जाक दोनदा म्हणाला की पुढं जाऊन थांबू. मी नको म्हणालो. मागच्या खिडकीत तिचा पदर दिसत होता. ती एकदाही मागं वळली नाही. तासभर मी त्या पदराकडं बघत गाडी चालवली.

चौथ्या थांब्यावर, एका पांगाऱ्याच्या झाडाखाली, शिवकांता पिशवी घेऊन खाली उतरली. कंडक्टरनं काहीतरी विचारलं, तिनं मान हलवली. एसटी घंटी देऊन निघाली. ती चालत माझ्या गाडीपाशी आली.

"काय झालं?" मी विचारलं.

"जागा नाही एसटीत," ती म्हणाली. "किती वेळ उभं राहायचं?"

पिशवी माझ्या आणि तिच्या मधे ठेवून ती मागं बसली. समोर एसटी वळणावर आडवी झाली होती आणि तिच्या सगळ्या खिडक्या मला दिसत होत्या. निम्म्याहून जास्त बाकं रिकामी होती.